‘आता नवाच घ्या’ म्हणणाऱ्यांना

आठ-दहा वर्षांच्या लॅपटॉपवर पैसे घालू नयेत, नवाच घ्यावा, हे वाक्य आपल्याकडे आता निकाल म्हणून ऐकवलं जातं. दुकानदार ते ऐकवतो, ऑफिसातला आयटी विभाग ऐकवतो, कंपनीत नोकरीला असलेला भाचा ऐकवतो, आणि दिवाळीच्या सेलच्या तोंडावर वर्तमानपत्रांच्या पुरवण्याही तेच सांगतात. निकाल देण्याआधी यंत्र उघडलेलं नसतं. आत डिस्क कुठली आहे, रॅमचे स्लॉट किती आहेत आणि त्यातला एखादा रिकामा आहे का, पंख्यामागच्या जाळीत धूळ किती साचली आहे, यातलं काहीही पाहिलेलं नसतं. विचारलेलं असतं ते फक्त खरेदीचं वर्ष. वर्षावरून यंत्र मोडीत काढण्याच्या या पद्धतीला माझा विरोध आहे. ती तांत्रिकदृष्ट्या चूक आहे, पैशांच्या हिशेबात चूक आहे, आणि ज्या घरात एकही लॅपटॉप नाही त्या घरावर अन्याय करणारी आहे.

मुळात लॅपटॉप अख्खाच्या अख्खा एकदम जुना होतो, असं धरून चाललं जातं. प्रत्यक्षात त्यातला प्रत्येक भाग आपापल्या गतीने झिजतो. सर्वांत आधी बॅटरी जाते, कारण लिथियम-आयन सेल नुसता पडून राहिला तरी उतरत जातो. फिरणारी हार्ड डिस्क मंदावते, तिच्यावर खराब जागा वाढतात. पंख्याचं बेअरिंग कोरडं पडतं. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट सुकते, मग यंत्र तापतं आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. बिजागऱ्या ढिल्या होतात, किंवा घट्ट होऊन बसतात आणि झाकणाचं प्लास्टिक उपटतात. हे सगळं खरं आहे. पण प्रोसेसर, रॅम आणि चांगल्या प्रतीचं पॅनेल त्या मानाने फार काळ टिकतात. म्हणजे दहा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये थकलेले भाग आणि धडधाकट भाग शेजारी-शेजारी बसलेले असतात, आणि बऱ्याच मॉडेलांत थकलेले भाग स्क्रू काढून बदलता येतात. ‘जुना झाला’ म्हणणाऱ्याने कुठला भाग जुना झाला तेही सांगायला हवं. ते सांगितलं जात नाही, कारण सांगितलं की पुढचा प्रश्न येतो: तेवढाच बदलून मिळेल का?

बोलायचं ते एखाद्या खऱ्या यंत्राबद्दल बोलू. लेनोव्होचा थिंकपॅड टी४३०, २०१२ चं मॉडेल. हा कार्यालयांसाठी बनवलेला लॅपटॉप. कंपन्यांनी घेतला, तीन-चार वर्षं वापरला, बदलला, आणि तिथून तो लॅमिंग्टन रोडला, दिल्लीच्या नेहरू प्लेसला, बंगळूरच्या एस. पी. रोडला सेकंडहँड बाजारात आला. इंटेलच्या तिसऱ्या पिढीचा दोन कोअरचा प्रोसेसर, रॅमचे दोन स्लॉट, १६ जीबीपर्यंत वाढवण्याची सोय. बॅटरी खालच्या कड्या सरकवून हातात येते. हार्ड डिस्कच्या झाकणाला एक स्क्रू आहे. डीव्हीडी ड्राइव्ह बाहेर ओढून त्या जागी कॅडीत घालून दुसरी डिस्क बसवता येते. यातली कित्येक यंत्रं कंपनीतून बाहेर पडली ती ४ जीबी रॅम आणि मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क घेऊन. आज त्यावर विंडोज १० सुरू केलं तर माणूस खरोखर वैतागतो. त्या वैतागाचं खापर मात्र प्रोसेसरवर, पर्यायाने अख्ख्या यंत्रावर, फोडलं जातं.

खरा दोषी आकड्यांतून दिसतो. ५४०० फेऱ्यांची तबकडी सेकंदाला ९० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, थांबावं लागतं. त्याआधी वाचणारं डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी दहा-बारा. विखुरलेली एक छोटी फाइल वाचायची तर असे पंधरा-सतरा मिलिसेकंद जातात, आणि ही डिस्क सेकंदाला अशा साठ-सत्तर फाइलींच्या पुढे जाऊ शकत नाही. विंडोज सुरू होताना, अँटिव्हायरस जागा होताना, ब्राउझर उघडताना अशा हजारो बारीक वाचनांची रांग लागते. साध्या साटा एसएसडीला हेच एक वाचन करायला मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास वेळ लागतो. शंभरपटीहून मोठा हा फरक प्रोसेसरच्या पिढ्या बदलून भरून निघणारा नाही. म्हणूनच टी४३० मध्ये कुणाच्या तरी लॅपटॉपमधून निघालेली २५६ जीबीची एसएसडी बसवली की तेच यंत्र अर्ध्या-पाऊण मिनिटात कामाला उभं राहतं. नव्या एनव्हीएमई डिस्क कागदावर याच्या कितीतरी पट वेगवान आहेत आणि मोठमोठ्या व्हिडिओ फाइली हलवणाऱ्याला तो वेग जाणवतोही. पत्र टाइप करणाऱ्याला, फॉर्म भरणाऱ्याला, वर्गाचे व्हिडिओ पाहणाऱ्याला हार्ड डिस्क ते साटा एसएसडी ही झेप दिसते. पुढची झेप दिसत नाही.

रॅमचं गणित याला जोडूनच येतं. ४ जीबीमधली निम्मी जागा विंडोज स्वतःच खातं. उरलेल्यात ब्राउझर मावत नाही, म्हणून यंत्र रॅममधला मजकूर डिस्कवर टाकत राहतं आणि लागेल तेव्हा परत उचलतं. डिस्क तबकडीची असेल तर प्रत्येक उचलीला वर सांगितलेला पंधरा मिलिसेकंदांचा दंड. दुसऱ्या स्लॉटमध्ये ४ जीबीची एक स्टिक घातली की हे ओझं उतरतं, शिवाय दोन स्टिकमुळे मेमरीच्या दोन्ही वाहिन्या चालू होतात आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला त्याचा फायदा मिळतो. ही ४ जीबीची स्टिक कुठे मिळेल, हा प्रश्न मला विचारला जातो तेव्हा मी म्हणतो, आधी ओळखीपाळखीतले ड्रॉवर उघडा. ज्या कुणी आपल्या लॅपटॉपची रॅम वाढवली, त्याच्याकडे काढलेली स्टिक पडून आहे. एसएसडी घातली त्याच्याकडे जुनी हार्ड डिस्क आहे. पाणी सांडून बोर्ड गेलेल्या लॅपटॉपमध्ये पॅनेल, वाय-फाय कार्ड, कीबोर्ड, पंखा सगळं शाबूत आहे. आपल्या शहरांत असे भाग पुष्कळ आहेत; ते कामाच्या यंत्रापर्यंत पोचत नाहीत, एवढीच अडचण आहे.

एक पथ्य पाळावं लागतं. स्टिकवरचं लेबल वाचायचं. पीसी३-१२८०० म्हणजे दीड व्होल्टची डीडीआर३, पीसी३एल असेल तर १.३५ व्होल्टची. टी४३० ला दोन्ही चालतात. त्याच्या पुढच्या, चौथ्या पिढीच्या लॅपटॉपना मात्र कमी व्होल्टचीच लागते. डीडीआर४ ची खाच वेगळ्या ठिकाणी असते आणि पिनाही जास्त, २०४ ऐवजी २६०, त्यामुळे ती बसतच नाही. एवढं ज्ञान दहावी झालेल्या मुलाला अर्ध्या तासात देता येतं.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो, कारण तो प्रामाणिकपणे घेतला जातो. वापरलेल्या भागांचा भरवसा काय? आज चालले, उद्या बंद पडले, तर पैसे गेले आणि डेटाही गेला.

या आक्षेपात एक गृहीतक दडलेलं आहे: नवा म्हणजे खात्रीचा आणि वापरलेला म्हणजे अंधारातला. एसएसडीच्या बाबतीत परिस्थिती अनेकदा उलटी असते. प्रत्येक डिस्क स्वतःचा जमाखर्च स्वतःच लिहीत असते, त्याला स्मार्ट नोंदी म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावलं की डिस्क किती तास चालली, तिच्यावर एकूण किती लिहिलं गेलं, किती जागा खराब होऊन बदलाव्या लागल्या, हे समोर येतं. सॅमसंगची ८६० इव्हो ही २०१८ ची डिस्क घ्या. तिच्या २५० जीबी मॉडेलवर कंपनीने १५० टेराबाइट लिहिण्याची हमी दिली होती. रोज २० जीबी लिहिलं, आणि कार्यालयातला माणूस सहसा तेवढंही लिहीत नाही, तरी वर्षाला सव्वासात टेराबाइटच होतात. हमीचा आकडा गाठायला वीस वर्षं लागतील. अशी डिस्क पाच वर्षं वापरून कुणी विकत असेल आणि नोंदींत खराब जागा शून्य असतील, तर तिच्याबद्दल मला जेवढं माहीत असतं तेवढं सीलबंद खोक्यातल्या नव्या स्वस्त डिस्कबद्दल कधीच माहीत नसतं. त्या खोक्यात कुठल्या कारखान्याच्या चिप आहेत, कॅश आहे की नाही, हे बाहेर छापलेलं नसतं. नाव तेच ठेवून आतल्या चिप बदलण्याचे प्रकार नामांकित कंपन्यांच्या बाबतीतही उघडकीला आले आहेत.

रॅमची परीक्षा तर आणखी सोपी. रॅममध्ये हलणारं काही नाही आणि लिहिल्याने ती फ्लॅशसारखी झिजतही नाही. तिच्यात दोष असेल तर बहुतेक वेळा सुरुवातीच्या काळातच वर येतो, किंवा कुणी हाताळताना स्थिर विजेने तिला इजा केलेली असते. मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालू ठेवावं. सकाळी एकही लाल ओळ नसेल तर ती स्टिक घ्यावी, एक जरी असेल तर परत करावी. लॅमिंग्टन रोडवरचे चांगले दुकानदार टेस्टिंगसाठी काही दिवसांची मुदत देतात. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

हार्ड डिस्कच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. वाचायला अडलेल्या सेक्टरांचा आकडा शून्याच्या वर दिसला तर ती डिस्क फुकट मिळाली तरी मुख्य कामाला लावू नये. निर्दोष असेल तर कॅडीत घालून सिनेमे, फोटो, नोटा ठेवायला ती उत्तम आहे, दुसरी प्रत वेगळीकडे असेल तर. आणि बॅटरीच्या बाबतीत आक्षेप घेणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत आहे. वापरलेली बॅटरी घेऊ नये. फुगलेली तर घरातही ठेवू नये. जुन्या सेलमधून ‘चांगले’ निवडून नवं खोकं भरणारे आहेत, त्यांच्यापासून लांब राहावं. तसंच वजनाला हलके, नावाची नक्कल करणारे चार्जर. या दोन ठिकाणी वाचवलेला पैसा आगीशी खेळ आहे. बॅटरी मिळतच नसेल तर जुना लॅपटॉप बॅटरी काढून नुसत्या अडॅप्टरवर टेबलावर वापरावा. टी४३० तसा चालतो. वीज जाते तिथे हा उपाय अपुरा आहे, आणि तिथे नवी बॅटरी घेण्याला पर्याय नाही.

म्हणजे प्रश्न ‘वापरलेला की नवा’ असा नाही. तपासता येतो की नाही, एवढाच आहे. तपासता येतो तो भाग घ्यावा, येत नाही तो टाळावा. सरसकट ‘वापरलेलं घेऊ नका’ म्हणणारे ही मेहनत टाळतात आणि तिचा खर्च ग्राहकावर टाकतात.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार संपवला. घरगुती वापरकर्त्यांसाठी नोंदणी करून सुरक्षा-अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळते, पण ती तात्पुरतीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलची साधारण आठवी पिढी. तिसऱ्या पिढीचा टी४३० त्या यादीत नाही. यावरून लगेच निष्कर्ष काढला जातो की यंत्र असुरक्षित झालं, फेका. पण मुदत विंडोजची संपली, यंत्राची संपलेली नाही. त्याच यंत्रावर लिनक्स मिंट २२ बसतं आणि त्याला २०२९ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळणार आहेत. फायरफॉक्स चालतो, लिब्रेऑफिस चालतं, मराठी कीबोर्ड त्यात आधीपासून असतो. एक अडचण मात्र येते. या पिढीच्या ग्राफिक्सला यूट्यूबचा व्हीपी९ प्रकार हार्डवेअरवर उलगडता येत नाही, तो भार प्रोसेसरवर पडतो, पंख्याचा वेग वाढतो. ब्राउझरला एच.२६४ च मागायला लावणारं छोटं एक्स्टेन्शन घातलं की तो भार उतरतो. असल्या गोष्टी सांगायला दुकानात कुणी बसलेलं नसतं, म्हणून ‘यूट्यूब अडकतं’ हे यंत्र मेल्याचं लक्षण मानलं जातं.

ज्यांचं काम विंडोजवाचून होत नाही त्यांना लिनक्स घ्या असं मी म्हणणार नाही. टॅली वापरणारा, डिजिटल स्वाक्षरीचं टोकन लावणारा, श्रीलिपीत अंक जुळवणारा माणूस विंडोजला बांधलेला आहे. त्याच्यासाठी २०१८ चा टी४८० आहे. आठवी पिढी, विंडोज ११ ला अधिकृत मान्यता, डीडीआर४ चे दोन स्लॉट. तोही आज ‘जुना’ म्हणून कार्यालयांतून बाहेर पडतो आहे आणि एका वापरलेल्या स्टिकने पुढची पाच वर्षं सहज काढेल.

विजेचा आक्षेप ऐकून मला आश्चर्य वाटतं. जुना लॅपटॉप नव्यापेक्षा जास्त वीज खातो, हे बरोबर. समजा फरक १० वॅटचा आहे आणि यंत्र रोज सहा तास चालतं. वर्षाला सुमारे २२ युनिट. आपल्या देशातल्या विजेमागे युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला १५ किलो. एक नवा लॅपटॉप बनवताना, कंपन्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेल्या हिशेबांनुसार, साधारण १५० ते २५० किलो सुटतो. म्हणजे खालचा आकडा धरला तरी विजेच्या बचतीतून ते फेडायला दहा वर्षं. पर्यावरणाच्या नावाने नवा लॅपटॉप घ्या सांगणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा कागदावर करावी.

आणि मग येतं शेवटचं हत्यार: वेळ. एवढी खटपट कोण करणार, तासाला कमावणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. ज्याला नवा लॅपटॉप घेणं सहज शक्य आहे त्याने तो खुशाल घ्यावा. माझा वाद त्याच्या खरेदीशी नाही, त्याने मागे ठेवलेल्या यंत्राचं काय होतं याच्याशी आहे. सीईटीचे आणि प्रवेशाचे फॉर्म मोबाइलच्या पाच-सहा इंची काचेवर भरणारी मुलं, शासकीय टायपिंग परीक्षेचा सराव क्लासमध्ये मिळेल तेवढ्या वेळात उरकणाऱ्या मुली, एमपीएससीच्या नोटा झेरॉक्सवर साठवणारे उमेदवार, यांना अर्ध्या मिनिटात सुरू होणारा दहा वर्षांचा लॅपटॉप मिळाला तर तो त्यांच्यासाठी पूर्ण लॅपटॉप आहे. जुळवाजुळवीची मेहनत कुणी फुकट करावी असंही माझं म्हणणं नाही. गल्लीतल्या मेकॅनिकला तिची योग्य मजुरी द्यावी. नव्या लॅपटॉपच्या किमतीतला मोठा भाग परदेशी कारखान्यांकडे जातो. पेस्ट बदलून, पंखा साफ करून, एसएसडी बसवून देणाऱ्याला दिलेली मजुरी याच शहरात राहते आणि एक हुन्नर जिवंत ठेवते.

हे सगळं सोपं आहे असं भासवायचं नाही, कारण ते मुद्दाम अवघड करून ठेवलेलं आहे. ज्या टी४३० ची मी एवढी बाजू घेतो आहे, त्याच्या बायोसमध्येच लेनोव्होने दोन कुंपणं घातलेली आहेत. वाय-फाय कार्ड कंपनीच्या यादीतलं नसेल तर यंत्र सुरूच होत नाही, १८०२ क्रमांकाची चूक दाखवून थांबतं. दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेलं उत्तम कार्ड हातात असूनही उपयोग नाही. बॅटरीही कंपनीला मान्य नसलेली असेल तर ती चार्ज करायला नकार मिळतो. बॅटरीच्या बाबतीत सुरक्षिततेचं कारण थोडं तरी समजू शकतं. वाय-फाय कार्डाच्या यादीचं समर्थन रेडिओ-परवान्यांच्या नावाने केलं गेलं, पण पुढच्या पिढ्यांच्या थिंकपॅडमधून तीच यादी काढून टाकली गेली आणि त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. म्हणजे ती गरज कधीच नव्हती.

रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवण्याची पद्धत याहून घातक आहे. ॲपलने २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम सोल्डर केली आणि बॅटरी चिकटवली. त्याच वर्षीचा रेटिना नसलेला १३ इंची मॅकबुक प्रो मात्र स्क्रू काढून रॅम आणि डिस्क बदलू देत होता आणि २०१६ पर्यंत विकला जात होता. एकाच कंपनीचे, एकाच काळातले हे दोन लॅपटॉप. आज त्यातल्या दुसऱ्यात वापरलेली १६ जीबी आणि साटा एसएसडी घालून काम करता येतं. पहिल्यात विकत घेताना जेवढी रॅम होती तेवढीच आहे. सोल्डरच्या बाजूने एक तांत्रिक मुद्दा खरा आहे. एलपीडीडीआर प्रकारच्या मेमरीला प्रोसेसरपर्यंतचं अंतर फार कमी लागतं आणि ती वीज वाचवते, जुन्या स्लॉटमधून ते साधत नव्हतं. पण एलपीकॅम२ या नव्या मांडणीत तीच मेमरी स्क्रूने बसवता-काढता येते, आणि २०२४ मध्ये लेनोव्होनेच थिंकपॅड पी१ च्या सातव्या आवृत्तीत ती वापरली. तेव्हा ‘पर्याय नाही’ हे म्हणणं आता टिकत नाही.

हा मुद्दा आज जास्त तातडीचा झाला आहे. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीचं उत्पादन ओढून घेतलं आणि रॅमचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. नव्या रॅमची ही स्थिती असताना चालू स्थितीतल्या जुन्या स्टिक भंगारात जाऊ देणं हे मला अक्षम्य वाटतं.

त्या भंगारात जातात, कारण आपल्याला वाटतं की पुढे त्यांचं ‘रीसायकलिंग’ होतं. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. उरलेल्याचं काय होतं ते दिल्लीच्या सीलमपूरमध्ये आणि मुरादाबादमध्ये दिसतं. तिथे उघड्या हातांनी बोर्ड जाळले जातात, ॲसिडात बुडवले जातात, थोडं तांबं आणि सोनं मिळावं म्हणून. अगदी रीतसर कारखान्यात गेली तरी रॅमच्या स्टिकमधून धातूच निघतात. ज्या सिलिकॉनवर खरी मेहनत आणि ऊर्जा खर्च झाली, ती चिप संपते. चालू स्टिक भट्टीत घालणं म्हणजे ग्रंथालय रद्दीच्या भावात काढणं.

आपले नियमही या वजनाच्या हिशेबातच अडकलेले आहेत. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. उत्पादकांवर त्यांनी घातलेली उद्दिष्टं वजनात मोजली जातात, साठ टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी, आणि प्रमाणपत्रं मिळतात ती परत मिळवलेल्या सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम या धातूंवर. याच नियमांत नूतनीकरण करणाऱ्यालाही स्थान आहे, हे मी मान्य करतो. पण एक लॅपटॉप जिवंत करणारी काही ग्रॅमची स्टिक या हिशेबात काही ग्रॅमचीच राहते, आणि तो लॅपटॉप जिवंत करणारा गल्लीतला किंवा तालुक्याच्या गावचा मेकॅनिक हिशेबात येतच नाही. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणं सक्तीचं केलं. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, नंतर पोर्टलही सुरू केलं. दुकानात लॅपटॉप घेताना मात्र रॅम सोल्डर केलेली आहे की नाही, हे अजूनही ग्राहकालाच शोधून काढावं लागतं. ते खोक्यावर मराठीत, मोठ्या अक्षरांत छापलेलं असायला हवं.

कार्यालयांकडेही माझी एक मागणी आहे. बँका, महाविद्यालयं, सरकारी कचेऱ्या, आयटी कंपन्या आपले लॅपटॉप दर काही वर्षांनी लॉटने काढतात. अनेक ठिकाणी ते उघडून न पाहता, चालू-बंद न तपासता, एकगठ्ठा उचलायला दिले जातात, आणि कारण सांगितलं जातं डेटाच्या गोपनीयतेचं. डेटा रॅममध्ये राहत नाही, वीज गेली की तो जातो. तो पॅनेलमध्ये नसतो, कीबोर्डमध्ये नसतो. तो डिस्कवर असतो, आणि एसएसडीला तर स्वतःच्या आदेशाने संपूर्ण पुसण्याची सोय आहे. सिक्युअर इरेज दिलं की काही वेळात काम होतं आणि त्याची नोंद ठेवता येते. एवढ्यावरही विश्वास नसेल तर डिस्क काढून घ्या, तुमच्यापुरती फोडून टाका. पण निविदेत डिस्कसाठी वेगळी अट घाला, चालू आणि बंद यंत्रांचे लॉट वेगळे करा, नोंदणीकृत नूतनीकरण करणाऱ्यांना पहिली संधी द्या, आणि बाकीचा लॅपटॉप रॅम, पॅनेल, अडॅप्टर यांच्यासकट, बायोसचा पासवर्ड काढून द्या. तो पासवर्ड राहिला की चांगला बोर्डही पुढच्या माणसाला निरुपयोगी होतो.